उलट्या हुंडीची कुळकथा

रुपया घसरू लागला की सरकारी बँका अचानक डॉलर विकायला काढतात आणि ‘रिझर्व्ह बँक उतरली’ अशी कुजबुज डीलरांत सुरू होते. ही युक्ती रिझर्व्ह बँकेपेक्षा वयाने मोठी आहे.

पूर्वी दर बुधवारी लंडनला, बँक ऑफ इंग्लंडमध्ये, भारतमंत्र्यांच्या ‘कौन्सिल बिलां’साठी निविदा येत. मुंबईचा कापूस घेणाऱ्याने तिथे पौंड भरायचे नि इथल्या सरकारी तिजोरीतून रुपये उचलायचे. साहेबांची पेन्शने आणि कर्जावरचे व्याज भागवण्याची ती सोय. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या, पुढे रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स भाव ठरला, आणि हुंडणावळ त्यावर चढू न देण्याचे काम याच बिलांकडे आले.

खालून टेकू द्यायची वेळ १९०७ मध्ये आली. इथे पावसाने दगा दिला, तिकडे न्यूयॉर्कच्या बँकांत घबराट. सरकार आधी चाचरले. मग मार्च १९०८ पासून इथे रुपये घेऊन लंडनवरच्या उलट्या हुंड्या, म्हणजे ‘रिव्हर्स कौन्सिल’, विकू लागले. सुमारे ८० लाख पौंडांत भाव सावरला. अर्थात मूळ भाव चुकीचा नव्हता, म्हणूनच एवढ्यात भागले.

१९२० मध्ये तोच चुकला. युद्धात कडाडलेली चांदी पाहून बॅबिंग्टन स्मिथ समितीने शिफारस केली आणि सरकारने रुपया सोन्यातल्या २ शिलिंगांवर नेला. समितीतले मुंबईचे दादिबा दलाल यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले: जुनाच भाव ठेवा. बाजार तर या माणसाला कळत होता! चांदी उतरली, आयात फुगली, आणि बाजारापेक्षा सरकारकडे पौंड स्वस्त मिळू लागला. हुंडी हाती पडली की नफा जागच्या जागी. अर्जांची झुंबड उडाली. साधारण साडेपाच कोटी पौंड ओतून सप्टेंबरअखेर सरकारने हात टेकले. १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ४ पेन्सांच्याही खाली होता. कायद्यात मात्र २ शिलिंग १९२७ पर्यंत तसेच.

आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात बोट ठेवले ते याच्याही मुळावर: रुपये वाटेल तेवढे पाडायची मुभा असताना नुसती हुंडणावळ सांभाळून रुपयाची घरातली किंमत टिकत नाही.

१९२७ मध्ये १ शिलिंग ६ पेन्स ठरले. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक आली तेव्हा हे ओझे तिच्यावर कायद्यानेच टाकले गेले: मागेल त्याला ठरल्या भावाने पौंड द्यायचे, मात्र एका वेळी किमान १०,००० पौंडांचा सौदा हवा.