उजेड किती घ्यायचा?

गटाच्या बैठकीचा फोटो आता प्रत्येक वेळी लागतोच. तो काढला की दाराकडे पाठ करून बसलेल्या बायांची तोंडं काळी, नाहीतर कुणाचा हात हललेला. मग आपण म्हणतो, फोनच वाईट. बहुतेक वेळा फोन ठीक असतो, उजेडाचा हिशेब चुकतो. हा हिशेब कॅमेऱ्याइतकाच जुना आहे.

दुपारी दार लावलेल्या अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून ऊन येतं, तेव्हा बाहेरून जाणारं माणूस भिंतीवर उलटं सरकताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कॅमेरा म्हणजे हीच अंधारी खोली. चित्र पडायचं, पण टिकायचं नाही. फ्रान्समधल्या निसेफोर नीप्स यांनी 1826-27 च्या सुमारास धातूच्या पत्र्यावर डांबरासारखा पदार्थ लावला आणि खिडकीबाहेरचं दृश्य त्यावर टिकवलं. त्याला कितीतरी तास लागले. त्या चित्रात दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसतं, कारण तोवर सूर्यच पलीकडे गेला होता!

1839 मध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली आणि तासांची मिनिटं झाली. तरी माणसाला हलायची बंदीच. डोकं स्थिर राहावं म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडच्या पहिल्या फोटोग्राफरांपैकी एक. पुढे 1888 मध्ये अमेरिकेत कोडॅकचा कॅमेरा आला. त्यात शंभर फोटोंचा रोल असायचा आणि तो संपला की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा.

बाया फोटोत भरपूर होत्या, कॅमेऱ्यामागे मात्र थोड्या. होमाई व्यारावाला यांचा जन्म 1913 चा, नवसारीचा. त्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. साडी नेसून, सामान सायकलवर घेऊन दिल्लीत फिरल्या. गांधीजी, नेहरू, माउंटबॅटन सगळ्यांचे फोटो त्यांनी काढले. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापले गेले ते नवऱ्याच्या नावाने. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. मला वाटतं, गटाच्या वहीत फोटो चिकटवताना तारखेशेजारी काढणारीचं नावही लिहावं. आपल्याकडे तर फोनच पुष्कळदा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो.

होमाईंच्या कॅमेऱ्यात आपोआप काही व्हायचं नाही. तीन गोष्टी त्यांनाच ठरवाव्या लागत. नळाखाली हंडा भरतो असं धरा. नळ किती उघडायचा, ते भिंगाचं तोंड, म्हणजे ॲपर्चर. त्याचा आकडा उलटा चालतो, एफ 2 म्हणजे मोठं तोंड आणि एफ 16 म्हणजे बारीक. नळ किती वेळ चालू ठेवायचा, ते शटर. 1/500 सेकंदात पळतं पोरही थांबल्यासारखं दिसतं, 1/15 ला आपला हात हलला तरी फोटो पुसट. तिसरं आयएसओ, म्हणजे हंडा केवढा. आयएसओ वाढवला की हंडा लहान होतो, थोड्या उजेडात भरतो, पण फोटोवर रव्यासारखे दाणे दिसतात.

आपल्या बहुतेक फोनमध्ये तोंड एकाच मापाचं असतं. मग अंधाऱ्या खोलीत फोनला वेळ वाढवावा लागतो, आयएसओ चढवावा लागतो. म्हणून आपला फोटो हलतो आणि खरखरीत येतो. अशा वेळी फोन दोन्ही हातांनी धरा, कोपर अंगाशी टेकवा, जमलं तर खांबाला टेका. दाराकडे पाठ करून बसवू नका, तोंडं दाराकडे वळवा. जागा बदलता येत नसेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, फोन चेहऱ्यापुरता उजेड मोजतो. पुष्कळ फोनमध्ये तिथेच सूर्याचं चिन्ह येतं, ते वर सरकवलं की उजळतं.

पापड-लोणच्याचा फोटो भर दुपारच्या उन्हात काढला तर पापड पांढराफटक पडतो, त्यावरचं जिरं दिसत नाही. ओसरीच्या सावलीत, उजेड बाजूने येईल असा ठेवा. आणि आधी पदराने भिंग पुसा. पिठाच्या हाताने धरलेल्या फोनचं भिंग स्वच्छ कुठून असणार!