चहाचा पेला आणि पंक्तिप्रपंच

उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या ठेवावा, ही मराठवाड्यांतील जुनी रीत. गेवराई तालुक्यांतील उमापूरसारख्या गांवींही आतां त्या जागीं कपबशी आली आहे. आसामांतील चहा १८३९ सालीं लंडनच्या बाजारांत लिलावास गेला. महाराष्ट्रांत तो रुळावयास बराच काळ लोटला. अडचण केवळ किंमतीची नव्हती; तो कोणाच्या हातचा प्यावयाचा, हीहि होती.

१८९० च्या ऑक्टोबर महिन्यांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक सभा झाली. व्याख्यान आटोपल्यावर मंडळींपुढें चहा व बिस्किटें आलीं. कोणीं तीं घेतलीं, कोणीं पेला नुसताच हातीं धरला. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक, गोखले यांसारखे पुरुष तेथें होते. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी, मोठे खोडकर गृहस्थ, यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभवां’त प्रसिद्ध केलीं, आणि एका पेल्यापायीं शहरांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं तें घेतलें, तेव्हां सुधारक मंडळी फार हळहळली. या तंट्यांतील वादी-प्रतिवादी बहुतेक ब्राह्मणच होते, हें श्रोत्यांनीं विसरूं नये. ज्यांस पंक्तीलाच थारा नव्हता, त्यांच्या प्रायश्चित्ताचा प्रश्नच कोठें उद्भवत होता?

त्यांचा चहा कोल्हापुरास उकळला. राजवाड्याच्या नोकरींतील गंगाराम कांबळे यांनीं हौदास स्पर्श केला म्हणून त्यांस मारहाण झाली. शाहू छत्रपतींनीं त्यांस भांडवल देऊन चहाचें हॉटेल घालावयास लाविलें. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हां महाराज स्वतः गाडी घेऊन दारांत उभे राहिले, आणि चहा मागवून प्यायले. बरोबरच्या मंडळींसहि तो घ्यावा लागला.

खेड्यापाड्यांतील हॉटेलांत मात्र दलितांसाठीं कपबशा निराळ्या, आणि त्या त्यांनींच विसळून ठेवावयाच्या, हा प्रघात पुढेंहि टिकला. मराठवाडा १९४८ सालीं निजामी अमलांतून सुटला. १९५० च्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें दुकानें व उपाहारगृहें सर्वांस खुलीं केलीं, आणि १९५५ च्या कायद्यानें अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा ठरविली. कायदा झाला, तरी वेगळी कपबशी फळीवरून लगेच उतरली नाहीं.

गरिबाच्या चुलीवर जो चहा पोंचला, तो बहुधा गुळाचा. दूध असल्यास घालावयाचें, नसल्यास कोरा. ऊसतोडीस निघालेलीं बीडकडचीं कुटुंबें पहाटेच्या थंडींत कोपीपुढें अजूनहि प्रथम तोच उकळतात, भाकरी मागाहून.