बाजार न पाहिलेली नाणी

नाणी जमवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विचारतो, 'हे कोणत्या देशाचे?' त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : 'या नाण्याने कुणी कधी काही विकत घेतले असेल का?'

१९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ आपल्याकडे रुपया आणि ५० पैशांची नाणी निघाली. ती निकेलची होती आणि सर्रास व्यवहारात फिरली. म्हणून आजही एखाद्या घरात झिजलेला नेहरू-रुपया सापडतो. आता दक्षिण पॅसिफिकमधील टोंगा या चिमुकल्या राज्याकडे वळू. १९६२ मध्ये राणी सालोटे यांच्या कारकिर्दीत तेथे 'कौला' ही सोन्याची नाणी निघाली. त्यांची आठवण म्हणून १९६३ मध्ये सोनेरी वर्ख लावलेली गोल टपाल तिकिटेही निघाली! नंतर १९६७ मध्ये राजे चौथे टुपोउ यांच्या राज्याभिषेकानिमित्त पाव, अर्धा आणि एक 'हाउ' अशी नाणी पाडण्यात आली. एक हाउ म्हणजे १०० पांगा. एवढ्या मोलाचे नाणे घेऊन नारळ विकत घ्यायला कोण जाणार? ही नाणी जगभरच्या संग्राहकांसाठीच होती. लहान देशाला त्यातून परकी चलन मिळते आणि देशाचे नावही दूरवर पोहोचते.

या नाण्यांचा धातू होता पॅलेडियम. त्याआधी केवळ एक वर्ष, १९६६ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनने पॅलेडियमची नाणी काढली होती. म्हणजे या धातूच्या नाण्यांची सुरुवात बड्या राष्ट्रांनी नव्हे, तर दोन लहान देशांनी केली.

पॅलेडियमचा इतिहासही गमतीचा आहे. वोलास्टनने प्लॅटिनमच्या खनिजातून तो वेगळा केला. पण १८०३ मध्ये त्याची वार्ता लोकांना कळली ती विक्रीच्या एका निनावी पत्रकातून. नुकत्याच सापडलेल्या 'पॅलास' या लघुग्रहावरून त्याचे नाव पडले. हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषतो, हे थॉमस ग्रॅहमने दाखवले. ग्रॅहम लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख होता! हायड्रोजन शोषलेल्या पॅलेडियमची छोटी पदके त्याने १८६९ मध्ये पाडून घेतली.

आवर्त सारणीत पॅलेडियम निकेलच्या बरोबर खाली येतो. तरीही निकेलचा रुपया चुंबकाला चिकटतो, पॅलेडियम चिकटत नाही. घनताही वेगळ्या : निकेल ८.९, चांदी १०.५, पॅलेडियम १२.०. नाणे आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोलले, तर वजनातील घटीने मूळ वजनाला भागून घनता मिळते. नाण्याला ओरखडाही न पाडता धातूची पारख होते.

पुढे मोटारींच्या धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी पॅलेडियमची मागणी वाढली. २००१ च्या सुरुवातीला त्याचा भाव सोन्याच्या कितीतरी वर गेला. अशा वेळी दुर्मिळ नाण्याला खरा धोका चोराचा नसून मुशीचा असतो. वितळलेल्या नाण्याचा धातू शिल्लक राहतो, पण त्यावरचा राजा, साल आणि प्रसंग कायमचे पुसले जातात.

म्हणून विद्यार्थ्यांना संग्रहातील प्रत्येक नाण्याखाली चार गोष्टी लिहायला सांगू या : साल, निमित्त, धातू आणि ते व्यवहारात फिरले की नाही. चौथी नोंद करताना नाण्यावरची झीज नीट पाहावी लागेल. नाण्यांचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.