शरीरातलं घड्याळ आणि आपली झोप

मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. त्याचा दिवस २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून सकाळच्या उजेडाने ते रोज मिळवून घ्यावं लागतं. पेशींमधलं हे यंत्र फळमाशीवर उलगडून दाखवणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

अंधार पडला की हे घड्याळ पिनियल ग्रंथीला इशारा देतं. नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी मेलाटोनिन वाढू लागतं आणि पहाटेनंतर उतरतं. कॉर्टिसोलचं नेमकं उलट: मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी, मग चढत जाऊन जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात जास्त. वाढीचं हार्मोन मात्र घड्याळापेक्षा झोपेचं जास्त ऐकतं. पहिली गाढ झोप लागली की ते भरपूर सुटतं.

पहिल्या तासाला डुलक्या घेणारी नववी-दहावीची मुलं आम्हा शिक्षकांना रोज दिसतात. घरी त्यांना आळशी म्हणतात. पण वयात येताना मेलाटोनिन सुटण्याची वेळच पुढे सरकते. अकरा वाजेपर्यंत झोप न येणं हा नुसता हट्ट नसतो. या वयात ८ ते १० तास झोप लागते. शाळा सकाळी सातची असेल तर ती कुठून आणायची? वर मोबाईलचा निळसर उजेड मेलाटोनिन आणखी दाबतो, हा दोष मात्र आपला.

भिवंडी-मालेगावात लूमवर रात्रपाळी करणाऱ्या भावांचं दुखणं वेगळं. ते झोपायला जातात तेव्हा कॉर्टिसोल चढलेलं असतं, म्हणून झोप तुटक लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये घड्याळ बिघडवणारी रात्रपाळी ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकली. मालकांनी निदान दर आठवड्याला पाळी बदलू नये, असं आम्हाला वाटतं.

रमजानमध्ये झोपेचे दोन तुकडे होतात. तरावीहनंतर चौकात न रेंगाळता झोपलं तर सहरीआधी गाढ झोप पदरात पडते, उरलेली थोडी कैलुल्यात भरून निघते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी औषधाची वेळ रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.