पोथी हरपलेल्यांचे पुराण

चातुर्मासात पोथी लावण्याचा परिपाठ पेडणे-डिचोलीकडील आपल्या जुन्या मराठी घरांना नवा नाही. घरात आजारपण असो, मृत्यू झालेला असो की पिके हातची गेलेली असोत, सायंकाळी समईच्या उजेडात एकाने ओव्या वाचाव्यात आणि बाकीच्यांनी ऐकाव्यात, एवढ्यावर कित्येक पिढ्यांनी आपले मन सावरले. ही पोथीच कोणी काढून घेतली तर मागे राहणाऱ्यांनी काय करावे? हा प्रश्न गोव्यात, आपल्यापासून फार दूर नसलेल्या सासष्टीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष उभा राहिला होता.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण ओळखतो ते त्यांनी केलेल्या मराठीच्या स्तुतीमुळे. खड्यांत रत्न, फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, हा आशय बहुतेकांना मुखोद्गत असतो. भाषेचा अभिमान म्हणून आपण तेवढे उद्धृत करतो आणि ग्रंथ मिटतो. 10,962 ओव्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील उरलेले सारे कोणासाठी लिहिले गेले, याची चौकशी आपण क्वचितच करतो.

तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी येथील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली तेव्हा ज्यांना शक्य झाले त्यांनी देव उचलून नदी ओलांडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आला. त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करविला, हे आपल्याकडे सर्वश्रुत आहे. जे निघून आले त्यांची कथा आपण अभिमानाने सांगतो. जमीन, म्हातारे आईबाप किंवा निव्वळ नाइलाज यांमुळे जे मागे राहिले आणि ख्रिस्ती झाले, त्यांच्यापाशी देऊळ नव्हते, उत्सव नव्हते आणि ओळखीची पोथीही उरली नव्हती. 1560 पासून इन्क्विझिशनचा धाक होता तो वेगळाच.

स्टीफन्स 1579 च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले. इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातला हा मनुष्य. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांचा छळ चालू होता. रोमला बरोबर जाण्याचे ज्याच्याशी ठरले होते तो मित्र थॉमस पाउंड पकडला गेला आणि पुढे सुमारे तीस वर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स एकटेच गेले व 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. धर्मापायी देश सोडावा लागणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावयाचे राहिले नव्हते. असा मनुष्य ज्या सत्तेच्या छत्राखाली वावरला, ती इतरांच्या श्रद्धेशी कशी वागत होती हे आपण विसरू शकत नाही. त्यांनाही ते सर्वस्वी अज्ञात असेल असे आम्हांस वाटत नाही. जुलै 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी फादर रोडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार मारले. देवळांच्या विध्वंसाचा तो संताप होता. पुढे वाटाघाटीच्या निमित्ताने बोलावलेल्या गावकऱ्यांची असोळणे येथे हत्या झाली. मारल्या गेलेल्या जेझुइटांचे देह दफनासाठी मिळवून आणणाऱ्यांत स्टीफन्स होते. त्यानंतरही त्यांच्या सेवेचा बहुतांश काळ सासष्टीतच गेला.

ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे. मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जात असताना एक ब्राह्मण पुढे येऊन गुरूंना विचारतो: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी तसेच काही आमच्या हाती का देत नाही? प्रसंग घडला असेल वा कवीने रचला असेल. प्रश्न मात्र खरा आहे. ‘ख्रिस्तपुराण’ हे त्याचे उत्तर. पहिल्या पुराणात 36 अवस्वरांमधून जगाच्या उत्पत्तीपासून ज्यू लोकांची कथा येते. दुसऱ्यातील 59 अवस्वर ख्रिस्तचरित्राचे आहेत. आरंभी नमन आहे, स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, छंद ओवीचा आहे. जुन्या उपासनेवर टीका आहे, ती लपविण्याचे कारण नाही. धर्मप्रसार हाच हेतू होता. परंतु ज्याचे घरच उलटेपालटे झाले आहे त्याला त्याच्या कानाला सवयीच्या लयीत, त्याच्या आईच्या तोंडच्या शब्दांत दुःख भोगणाऱ्या देवाची कथा सांगावी, ही सूज्ञता निव्वळ प्रचारकाची नव्हे.

देवनागरी खिळे नसल्याने हा मराठी ग्रंथ 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. 1649 व 1654 मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. 1684 मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की, रहिवाशांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही.

ग्रंथ वाचला तो दक्षिणेकडे. गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती करून घेतल्या होत्या. 1784 मध्ये टिपू सुलतानाने या लोकांना धरून श्रीरंगपट्टणला नेले, त्यांची चर्चे पाडली. टिपूच्या पाडावापर्यंत, म्हणजे 1799 पर्यंत, पंधरा वर्षे हा बंदिवास चालला. त्या दिवसांत या पुराणानेच आपली श्रद्धा टिकविली, अशी त्या समाजातील परंपरा आहे. वडीलधाऱ्यांनी म्हणावे, लहानांनी ऐकावे. रीत तीच, आपल्या ओटीवरची.

कालाचा योग पाहा. डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे गेले ते याच सुमारास, 1780 नंतरच्या दशकात. तोवर पोर्तुगीजांचे धोरण मवाळ झाले होते आणि नव्या काबिजादीतील प्रजेच्या देवधर्माला हात लागणार नव्हता. आपल्या पूर्वजांच्या पोथ्या त्यामुळे कोनाड्यात सुरक्षित राहिल्या, आणि त्याच वर्षांत दूर म्हैसूर राज्यात गोव्याच्या ख्रिस्ती कुळांतील माणसे मराठी ओव्या म्हणत बंदिवास काढीत होती.

त्या घरांतील हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली ती 1956 मध्ये. ग्रंथ प्रथम छापला गेल्याला तेव्हा 340 वर्षे होऊन गेली होती.