कुणाचं ऐकायचं?

31 जानेवारी 2001. दुपारचे तीन वाजून चोपन्न मिनिटं. जपान एअरलाइन्सच्या 907 क्रमांकाच्या जंबोत, वैमानिकांच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर तुम्ही बसलेले आहात. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून निघून अठरा मिनिटं झालीत, जायचंय ओकिनावातल्या नाहाला. खाली याइझू शहर आणि सुरुगाचा उपसागर. मागे 411 प्रवासी, त्यांच्यात पेयांच्या ट्रॉल्या फिरतायत. विमान डावीकडे वळत वळत 39 हजार फुटांकडे चढतंय.

समोरच्या पडद्यावरचा एक ठिपका पिवळा होतो. "ट्रॅफिक, ट्रॅफिक," कॉकपिटमधलं यंत्र बोलतं. बुसानहून नारिताला चाललेलं, याच कंपनीचं 958 क्रमांकाचं डीसी-10 आहे ते, 37 हजार फुटांवर. घाबरण्यासारखं काही नाही, असं रोज होतं.

मग रेडिओवर टोकियोचा कंट्रोलर: 907, खाली उतरा, 35 हजार.

कॅप्टनला हे विचित्र वाटलं तरी तो इंजिनांचा जोर काढून घेतो आणि नाक खाली करतो. तुम्ही भविष्यातून आला आहात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे: तोकोरोझावाच्या नियंत्रण केंद्रात बसलेल्या शिकाऊ कंट्रोलरला 958 म्हणायचं होतं, तोंडातून 907 निघून गेलं. शेजारी बसून त्याला शिकवणाऱ्या कंट्रोलरच्याही ते लक्षात आलेलं नाही.

काही सेकंदांतच यंत्र पुन्हा बोलतं. "क्लाइंब, क्लाइंब." वर जा.

इथे काळ जरा थांबवा. तुम्हाला ती सोय आहे, त्यांना नव्हती. या यंत्राचं नाव टीकॅस. जमिनीवरच्या रडारशी त्याला देणंघेणं नाही. आसपासच्या विमानांतल्या ट्रान्सपॉन्डरना ते दर सेकंदाला हाळी देतं आणि उत्तरावरून अंतर नि उंची काढतं. मोजतं मात्र वेळ: गाठ पडायला किती सेकंद उरलीत? एवढ्या उंचीवर साधारण पस्तीस सेकंद आधी ते हुकूम देतं. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं वाट द्यायला नेमकी एकाच बाजूला सरकतात ना, तसं होऊ नये म्हणून दोन विमानांतली यंत्रं आधी आपसांत ठरवतात, मी वर, तू खाली. ठरल्याप्रमाणे याच क्षणी डीसी-10 मध्ये "डिसेंड, डिसेंड" ऐकू येतंय.

आता काळ सोडा. जंबोचा कॅप्टन खालीच जातो. त्याला आडमुठा म्हणू नका. जोर काढलेली इंजिनं, विरळ हवा; अशात नाक वर ओढलं तर विमान हवेत तगेल का, ही शंका रास्त आहे. समोरचं विमान डोळ्यांना दिसतंय. कंट्रोलरचा हुकूम खाली जाण्याचा आहे. आणि यंत्राचं नि कंट्रोलरचं जुळलं नाही तर कुणाचं ऐकायचं, हे तेव्हाचे नियम ठामपणे सांगत नव्हते. तिकडे डीसी-10 चा वैमानिक मुकाट्याने यंत्राचं ऐकतो. म्हणजे दोघंही खाली. शिकाऊ कंट्रोलर 958 ला उजवीकडे वळायला सांगतो. यंत्राच्या हुकमात गुंतलेल्या कॉकपिटमध्ये ते कुणाच्या कानावर पडत नाही. शिकवणारी कंट्रोलर संभाषण हाती घेते आणि म्हणते, 957, खाली उतरा. 957 नावाचं विमान तिथे नाहीच.

काचेत डीसी-10 वाढत जातं. कॅप्टन कांडी आणखी पुढे रेटतो. खुर्ची तुमच्याखालून निसटते, पट्टा मांडीत रुततो. मागे माणसं छतावर आदळतात, एक ट्रॉली छत फोडून आत घुसते. अंतर सुमारे 135 मीटर. जंबोच्याच दोन लांब्यांएवढं. जंबोत शंभर जण जखमी. दोन्ही विमानांतले मिळून 677 जण जिवंत.

पुढे दोन्ही कंट्रोलरांवर खटला चालला. खालच्या कोर्टाने सोडलं, वरच्याने दोषी ठरवलं, आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. मला हा न्याय अर्धवट वाटतो. आकडा चुकला हे खरं, पण यंत्र की कंट्रोलर, कुणाचं ऐकायचं हा घोळ त्या दोघांनी घातलेला नव्हता.

सतरा महिने पुढे या. 1 जुलै 2002, रात्रीचे साडेअकरा, जर्मनीतल्या यूबरलिंगेनवर 36 हजार फूट. बाश्किरियन एअरलाइन्सच्या टुपोलेव्हमध्ये ऊफा शहरातली शाळकरी मुलं बार्सिलोनाला सुट्टीसाठी चाललीत. झुरिकचा कंट्रोलर सांगतो, खाली. सात सेकंदांनी यंत्र सांगतं, वर. कॉकपिटमध्ये तुमच्या शेजारी बसलेल्या, त्या फेरीत काम नसलेल्या सहवैमानिकाच्या ते ध्यानात येतं. ते वर जा म्हणतंय, असं तो बोलूनही दाखवतो. उत्तर मिळतं, तो आपल्याला खाली नेतोय. कंट्रोलर पुन्हा खाली म्हणतो आणि दुसरं विमान उजवीकडे असल्याचं सांगतो. ते डावीकडून येतंय. डीएचएलचं ते मालवाहू बोइंग यंत्राच्या हुकमाने खाली उतरतंय, आणि यंत्राचे हुकूम कंट्रोलरच्या पडद्यावर उमटतच नाहीत. झुरिकमध्ये तो एकटा दोन पडदे सांभाळतोय, सहकारी विश्रांतीला गेलाय, टेलिफोन दुरुस्तीपायी बंद. इथे 135 मीटरही उरले नाहीत. 71 जण गेले.

यंत्र दोन्ही वेळा बरोबर होतं. ते दोघांनी ऐकलं तरच उपयोगाचं. एकाने ऐकलं आणि एकाने नाही, तर ते नसण्यापेक्षाही वाईट.

नोव्हेंबर 2003 मध्ये जगभरासाठी नियम स्पष्ट झाला: कंट्रोलर काहीही म्हणो, यंत्राचं ऐका. वैमानिकाने रेडिओवर "टीकॅस आरए" (म्हणजे यंत्राचा हुकूम आलाय) म्हटलं की कंट्रोलरने त्याला दिशा-उंची सांगणं थांबवायचं. यंत्रही सुधारलं. दोन विमानांच्या उंचीत शंभर फुटांहून कमी फरक असेल तर जुनं यंत्र आपला हुकूम उलटवत नसे. याइझूवर आणि यूबरलिंगेनवर नेमकी तीच अडचण झाली. 7.1 या आवृत्तीत ती दूर केली.

आणखी एक उडी, 29 जानेवारी 2025, रात्रीचे पावणेनऊ. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरणारं छोटं जेट, खाली पोटोमॅक नदी, समोरून लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर. "ट्रॅफिक, ट्रॅफिक." तुम्ही पुढच्या हुकमाची वाट पाहता, वर की खाली? तो येत नाही. जमिनीपासून हजारेक फुटांच्या खाली टीकॅस हुकूम देत नाही, तसं ते मुद्दामच बनवलंय; जमिनीलगत "खाली जा" म्हणण्यात काय अर्थ? टक्कर झाली सुमारे तीनशे फुटांवर. 67 जणांचा मृत्यू झालेल्या त्या अपघातात यंत्र बिघडलेलं नव्हतं.