मंगळवेढ्याचे संत आणि मराठी ख्रिस्ती भक्ती

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे गाव पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरांवर आहे. भोवतालची जमीन काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी. तेथील मालदांडी ज्वारी नामांकित असून या गावास ज्वारीचे कोठार म्हणण्याची रीत आहे. बाराव्या शतकात कलचुरी राजघराण्याचे ठाणे प्रथम येथेच होते, आणि बिज्जलाच्या पदरी बसवेश्वरांनी आपल्या सेवेस आरंभ केला तोही येथेच, अशी परंपरा सांगते. पुढे चोखामेळा, दामाजीपंत आणि कान्होपात्रा या तीन भक्तांमुळे मंगळवेढ्याचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. यांपैकी कोणीही ख्रिस्ती नव्हते, हे उघडच आहे. तथापि नम्रता, ऐक्य आणि आशा या तीन गोष्टींविषयी मराठी ख्रिस्ती मनुष्य आपल्या मातृभाषेत जे बोलतो व जे गातो, त्याची पाळेमुळे शोधू लागले म्हणजे वाट या गावावरून जाते. ती कशी, हे पाहण्याजोगे आहे.

प्रथम दामाजीपंतांची कथा घेऊ. पंधराव्या शतकात मंगळवेढा बिदरच्या बहामनी सत्तेखाली होते व दामाजीपंत तेथील अधिकारी होते. दुष्काळ पडला. सरकारी अंबारांत धान्य भरलेले आणि दाराशी माणसे अन्नावाचून तडफडत असलेली. पंतांनी वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता कोठारे उघडली. बिदरास ही वार्ता पोहोचताच त्यांना पकडून आणण्याची आज्ञा सुटली. कथा सांगते की, पंत वाटेवर असतानाच पंढरीचा विठ्ठल विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, त्याने धान्याची सारी किंमत मोजून दिली आणि रीतसर पावती घेतली.

या कथेतील चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोपवावा. परंतु तिच्यातील विचार मात्र नीट पाहिला पाहिजे. देवाला भक्ताचे कर्ज फेडावयाचे होते, तर तो सरदार होऊन वा सावकार होऊन जाऊ शकला असता. लोककल्पनेने त्याला महाराचे रूप दिले. ज्याला वेशीच्या आत मोकळेपणाने वावरण्याची मुभा नव्हती, त्याच्या वेषात देव दरबारात उभा राहिला. येथे नम्रता वरून खाली उतरते. अधिकारी भुकेल्यांपुढे वाकला, आणि त्याच्यासाठी देव त्याहूनही खाली आला.

चोखोबांची गोष्ट याच्या उलट टोकाची आहे. ते नामदेवांचे समकालीन, जातीने महार, राहणार मंगळवेढ्याचे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि पुत्र कर्ममेळा ही सारीच मंडळी अभंग रचणारी. एका घरातील इतक्या जणांनी वाणी चालवावी, हे मराठी वाङ्मयात विरळाच. परंतु ज्या विठ्ठलासाठी ही वाणी झिजली, त्याच्या देवळात पाऊल ठेवण्याची त्यांना बंदी होती. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली अनेक मजुरांसह चोखोबांचा अंत झाला. नामदेवांनी अस्थी ओळखून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ज्या कुसाबाहेर राहण्याची सक्ती त्यांच्या जातीवर होती, तेच कूस उभारता उभारता त्यांचा प्राण गेला. समाधीही देवळासमोर, पण देवळाबाहेर.

दामाजीपंतही नम्र आणि चोखोबाही नम्र, असे एका दमात म्हणून चालणार नाही. पंतांपाशी सत्ता होती व तिचा अभिमान त्यांनी सोडला. चोखोबांपाशी सोडण्यासारखी सत्ता नव्हतीच. त्यांना वाकविले होते ते इतरांनी. त्यांच्या वाणीत लीनता आहे, तशीच देवाला जाब विचारण्याची धिटाईही आहे. म्हणून त्यांच्या लीनतेची थोरवी गाणाऱ्याने प्रथम दार कोणी अडविले, हे विचारले पाहिजे. नाहीतर नम्रतेची स्तुती म्हणजे अन्यायावर घातलेले पांघरूणच ठरावयाचे.

तिसरे नाव कान्होपात्रेचे. ही शामा नावाच्या गणिकेची मुलगी. रूपाची कीर्ती ऐकून बिदरच्या बादशहाने तिला बोलावणे पाठविले, तेव्हा तिने पंढरपुरास विठ्ठलचरणी आश्रय घेतला आणि तेथेच देह ठेवला, अशी कथा आहे. जन्माने पदरात टाकलेले जिणे हेच आपले अखेरचे जिणे, हे तिने मानले नाही. आशा या शब्दाचा अर्थ सांगावयास याहून कोणते उदाहरण घ्यावे?

या तिन्ही कथा मराठी घरांत पोहोचविण्याचे मोठे श्रेय महिपतींना आहे. हे राहुरीजवळच्या ताहराबादचे. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ साली पूर्ण झाला आणि सोप्या ओव्यांमुळे गावोगाव वाचला जाऊ लागला. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, ते करणारे जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक होते. पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने त्यांनी ते सिद्ध केले. अ‍ॅबट १९३२ साली वारले; भक्तविजयाचे खंड त्यानंतर बाहेर पडले. हिंदू लोकांस ख्रिस्ताची वार्ता सांगण्यासाठी आलेला मनुष्य उतारवयात मराठी संतांची वार्ता आपल्या देशबांधवांस सांगत बसतो, ही घटना लहान नव्हे. शिकवावयास आलेल्याने शिकणाऱ्याची जागा घेतली.

ख्रिस्ती धर्म मराठी बोलू लागला तो मात्र याच्या फार पूर्वी. फादर स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या कानांत पुराणाची लय होती, हे त्या परदेशी साधूने ओळखले. पुढे १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, त्यांचे ठाणे झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरासही त्यांचे काम सुरू झाले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र निघाले. उपासनेत मात्र बरीच वर्षे विलायती चालींवर बसविलेली गीते गाइली जात. शब्द मराठी, पण चाल परकी. कान तृप्त होत नसे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली, तेव्हा टाळमृदंगाच्या साथीत शुभवर्तमान ऐकण्याची सोय झाली.

ही वाट रुंद केली ती नारायण वामन टिळकांनी. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असा त्यांचा भाव होता, आणि तो त्यांनी लपविला नाही. मराठी मंडळ्यांतून आजही जी भजने म्हटली जातात, त्यांत टिळकांच्या रचना शेकड्यांनी मोजाव्या लागतील. अभंगाचा छंद, लेकराने माउलीला हाक मारावी तशी हाक, आणि स्वतःचे उणेपण मोकळ्या मनाने सांगण्याची रीत, हे सारे त्यांनी वारकऱ्यांच्या घरून आणले व येशूच्या पायांशी ठेवले.

परंतु टिळकांची नम्रता केवळ पद्यात राहिली नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही शुभवर्तमानातील कथा सर्वपरिचित आहे. तेथेही गुरू शिष्यांपुढे वाकतो. दामाजीपंतांच्या कथेतील दिशा तीच. त्या काळच्या मिशनांत मात्र पैसा व अधिकार परदेशी मिशनऱ्यांच्या हाती आणि देशी ख्रिस्ती पगारी नोकर, अशी मांडणी होती. या मांडणीत बंधुभाव वाढणार नाही, असे टिळकांस वाटू लागले. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोहोंनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावे, असा त्यांचा हेतू होता. पगार सोडून वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी अनिश्चिततेत उतरणे यास धैर्य लागते. पुढे दीड-दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईस निवर्तले आणि दरबाराचे काम बाल्यावस्थेतच राहिले.

ऐक्याची खरी परीक्षा सभेत होत नाही, ती स्वयंपाकघरात होते. याची साक्ष लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत मिळते. पतीने धर्म बदलला तेव्हा त्या त्यांच्यासमवेत ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षे दुरावा सोसून त्या नांदावयास परत आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. पाणी कोणाच्या हातचे घ्यावे, कोणाच्या पंक्तीस बसावे, हे प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हते. ते रोज चुलीपाशी सुटत किंवा अडत. हळूहळू विचार करता करता जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, असा त्यांचा निश्चय झाला, आणि १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. त्याच सुमाराच्या भीषण दुष्काळात या कुटुंबाने पोरक्या मुलांना घरात घेतले. कोणाचे मूल कोणत्या जातीचे, हे विचारण्यास तेथे जागा नव्हती. मंगळवेढ्याचे कोठार मोठे होते, हे घर लहान. पण दार उघडण्याची कृती एकच.

आता आशेचा विचार करू. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले होते. आरंभीचे अध्याय लिहून झाले आणि मृत्यूने लेखणी थांबविली. लक्ष्मीबाईंना शाळेचे शिक्षण नव्हते. तरीही त्यांनी पतीचे अपुरे काम पुढे चालविले व ६४ अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचेही देहावसान झाले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९३८ साली. आरंभ करणाऱ्याने तो पुरा झालेला पाहिला नाही, आणि पुढे नेणारीने तो छापलेला पाहिला नाही. आपण पाहू न शकणाऱ्या दिवसासाठी आजचे पान लिहिणे, हीच आशा. ती नुसत्या वाट पाहण्याहून वेगळी आहे.

येथवरची हकीकत ऐकून मराठी ख्रिस्ती समाजात भेदाभेद मुळीच उरला नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. अहमदनगर जिल्ह्यात जे मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले, ते बहुतांशी चोखोबांच्याच समाजातले. त्यांना बाप्तिस्म्याने शाळा मिळाली, उपासनेत जागा मिळाली, पण गावातील कूस पडले नाही. पूर्वाश्रमीच्या जातींचा दुरावा मंडळीतही शिरला. शिवाय परदेशातून आलेले पंथभेद होतेच. एकाच प्रभूचे नाव घेणारे निरनिराळ्या मंदिरांत बसत. त्यांतील एक भिंत २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास खाली आली. त्या दिवशी सहा मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संयुक्त मंडळी उभी राहिली. प्रत्येकीस आपल्या रीतीतले काही सोडावे लागले, तेव्हाच हे जमले. नम्रतेवाचून ऐक्य होत नाही, याचा हा इतिहासातील धडा आहे.

पंढरपुरासही दार उघडण्यास वेळ लागला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तेथे प्राणांतिक उपोषण केले, आणि त्यानंतर विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले झाले. चोखोबांच्या मृत्यूस तोवर सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती. पुढच्याच वर्षी, १९४८ साली, डॉक्टर आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. वाट पाहून दार आपोआप उघडले नाही. आतील एकाने उपाशी राहून आणि बाहेरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हक्क मागून ते उघडविले.

दररोजच्या श्रद्धेस या इतिहासातून काय घ्यावयाचे, ते आता स्पष्ट आहे. सकाळी प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती गृहस्थाने वा हरिपाठ म्हणणाऱ्या वारकऱ्याने नम्रतेचे मागणे मागावे ते आपल्यासाठी, शेजाऱ्याच्या वतीने नव्हे. आपल्याहून दुबळ्याने अधिक नम्र व्हावे, ही अपेक्षा अहंकाराचीच. आपल्या हाती कोणत्या अंबाराची किल्ली आहे, ते प्रत्येकाने पाहावे. कोणाच्या हाती पैसा असतो, कोणाच्या हाती विद्या, कोणाच्या हाती घरातील नोकराशी बोलण्याचा सूर. दामाजीपंतांचा दुष्काळ केव्हाच सरला. दाराशी उभे असलेले माणूस मात्र आजही आहे, आणि किल्ली ज्याच्या कनवटीस आहे त्यानेच उठावयाचे आहे.